बाबांचा पार्किन्सन: प्रोटीन १९९७ ला सापडलं, मग गोळी अजून साठच्या दशकातलीच का?

माणगंगा

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबली आहे, आधीच माफी मागते.

बाबा ६८ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर डिझेल मेकॅनिक, आता रिटायर. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट हलायला लागलं, जपमाळ ओढतात ना अगदी तसं. आधी म्हटलं थंडी असेल, मग म्हटलं वय झालं, आणि मग बँकेत सही जुळेना म्हणून पेन्शनचं काम अडकलं तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला की बाबांचं अक्षर निम्म्याने बारीक झालंय. न्यूरोच्या डॉक्टरांनी दहा पावलं चालायला लावलं, मनगट फिरवून बघितलं आणि सांगितलं, पार्किन्सन. सिंडोपा नावाची गोळी चालू केली. पहिल्या पंधरवड्यात एकदा सकाळी बाबा स्वतःच्या हाताने शर्टाची सगळी बटणं लावून बाहेर आले, आई नुसती बघत राहिली.

पण आता गोळीचा जोर तीन तासांत उतरतो. डॉक्टर म्हणाले गोळी लक्षणांवर आहे, आजार आत त्याच्या गतीने चालूच राहतो. मी घरी येऊन रात्रभर नेटवर वाचलं, तर म्हणे १९९७ लाच या आजारातलं प्रोटीन सापडलं, जीन सापडला, नोबेल पण मिळालं, मग तीस वर्षं होत आली तरी गोळी तीच का? संशोधक नक्की करतायत काय, हे चिडून नाही विचारत, खरंच समजत नाहीये.

अजून एक, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. बाबांना दहा-बारा वर्षांपूर्वीपासून वास येत नाही. दूध करपलं तरी कळायचं नाही, आम्ही म्हणायचो डिझेलमध्ये आयुष्य गेलं, नाक मेलं. आणि झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे, एकदा तर आईच्या खांद्याला लागलं.

शेजारचे काका खाजकुयलीची पावडर घेऊन आलेत, म्हणतात सिंडोपा सोडा आणि ही घ्या. आणि मला दोन मुली आहेत, तर जीनची टेस्ट करू का हेही डोक्यात फिरतंय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा, व्हॉट्सॲपवरचं नको, ते आमच्याकडे भरपूर येतं.

पेशीनपेशी

माणगंगा, मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, मी याच आजारावर पीएचडी केलीये आणि सध्या युरोपात एका लॅबमध्ये पोस्टडॉक आहे, म्हणजे मी माणसं तपासत नाही, रुग्णांच्या कातडीतल्या पेशींपासून बशीत चेतापेशी वाढवते आणि त्या कशा मरतात ते बघत बसते. काम ऐकायला भारी वाटतं, निम्मा वेळ बशीला बुरशी लागते.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना वासाचं आणि लाथांचं, उत्तर खरं तर तिथूनच सुरू होतं. २००३ मध्ये हायको ब्राक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या टीमने मृत्यूनंतर दान केलेले मेंदू कापून क्रमाने मांडले आणि म्हटलं की या आजाराचे डाग पहिल्यांदा दिसतात ते वासाच्या भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला, जिथून आतड्याकडे नस जाते तिथे. मग ते वर सरकतात, झोपेत हातपाय सैल ठेवणाऱ्या भागात येतात (म्हणून स्वप्नातली मारामारी अंथरुणात होते) आणि त्यानंतर कुठे मधल्या मेंदूतल्या त्या काळ्या पट्ट्यात पोचतात जिथून हालचाली चालतात. प्रत्येक रुग्णात याच क्रमाने होतं असं नाही, त्यावर भांडणं चालू आहेत, पण तुमच्या बाबांची कहाणी त्या क्रमाने जाते. म्हणजे अंगठा हलला तेव्हा आजार तीन वर्षांचा नव्हता, दहा-पंधरा वर्षांचा होता आणि काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या होत्या. बद्धकोष्ठ पण जुनं असेल बघा, विचारून बघा.

आता गोळीचं. जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली लंडनमध्ये रुग्णांची वर्णनं लिहिली, त्यातले काही तर त्याने रस्त्यात चालताना बघितलेले. १९१२ मध्ये लेवी नावाच्या संशोधकाला पेशींत गोल गोल गोळे दिसले. १९१९ मध्ये ट्रेटियाकॉफने पॅरिसला दाखवलं की काळा पट्टा फिका पडलेला असतो. आणि १९६० मध्ये व्हिएन्नाला हॉर्निकीविच आणि त्याच्या सहकाऱ्याने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन मोजलं (काळ्या पट्ट्यातल्या पेशी हालचालीसाठी जे रसायन बनवतात ते), जवळजवळ संपलेलं. मग सोपा विचार, जे संपलंय ते बाहेरून द्या. डोपामिन स्वतः मेंदूत शिरत नाही, त्याचा कच्चा माल लेव्होडोपा (सिंडोपात हाच असतो) शिरतो, तो दिला. १९६७ मध्ये कोटझियासने न्यूयॉर्कला मोठ्या डोसात तोंडाने देऊन दाखवलं आणि खुर्चीला खिळलेली माणसं चालायला लागली. नोबेलचं म्हणाल तर २००० साली कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाला मिळालं, तेही डोपामिनच्याच कामासाठी, १९९७ च्या प्रोटीनसाठी नाही.

बघा, यात कुणी विचारलंच नाही की डोपामिन संपलं का. टाकीत डिझेल नाही, डिझेल ओता. टाकीला भोक कुठे पडलंय हा वेगळा प्रश्न, आणि तोच तुमचा प्रश्न आहे.

आणि तीन तासांत का उतरते तर लेव्होडोपा रक्तात दीड तासात निम्मी होते. सुरुवातीला उरलेल्या पेशी ती साठवून ठेवतात, हळूहळू सोडतात, म्हणून तेव्हा दिवसभर बरं वाटतं. पेशी कमी झाल्या की साठवायला जागाच नाही, मग रक्तात आहे तोवर माणूस चालतो. गोळी बिघडलेली नाही आणि बाबांना तिची सवय पण लागलेली नाही, गोडाऊन लहान झालंय.

१९९७ चं जेवण झाल्यावर लिहिते.

सुमनताई_डोंबिवली

माझ्या मिस्टरांना नऊ वर्षं आहे. एक अनुभवाचं सांगते, गोळी जेवणाबरोबर देताय का? आमच्याकडे डाळ-उसळ-पनीर खाऊन लगेच गोळी दिली की ती लागूच पडायची नाही, मी म्हणायची कंपनी बदलली वाटतं. आता जेवणाआधी पाऊण तास देते. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

पेशीनपेशी

सुमनताई +१, एकदम बरोबर. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं होतात ती आणि लेव्होडोपा मेंदूत शिरायला एकाच दरवाजाच्या रांगेत असतात. डाळ आधी पोचली की गोळी मागे राहते. प्रथिनं बंद नका करू मात्र, वेळ बदला.

तर १९९७. इटलीच्या दक्षिणेला साळेर्नोजवळ कॉन्टुर्सी नावाचं गाव आहे, तिथल्या एका घराण्यात पिढ्यानपिढ्या पार्किन्सन, काही शाखा अमेरिकेला गेल्या तरी तिथेही तेच, आणि तरुण वयात. त्यांच्यात आल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलं, १४० मण्यांच्या माळेत ५३ वा मणी वेगळा. त्याच वर्षी स्पिलान्टिनी आणि मंडळींनी दाखवलं की लेवीला दिसलेले ते गोळे याच प्रोटीनचे बनलेत, आणि हे कॉन्टुर्सीबाहेरच्या साध्या, घराण्यात कुणाला नसलेल्या रुग्णांतसुद्धा. म्हणून एवढा जल्लोष. मग २००३ मध्ये अमेरिकेतलं एक घराणं सापडलं ज्यांच्यात प्रोटीन अगदी नॉर्मल, फक्त जीनच्या दोनऐवजी चार प्रती, म्हणजे माल जास्त तयार होतो, तर त्यांनाही आजार, तोही लवकर. चांगलं प्रोटीनसुद्धा जास्त झालं की बाधतं.

आणि मला स्वतःला सगळ्यात हादरवणारी गोष्ट २००८ ची आहे. १९९० च्या आसपास काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या पेशी रोपण केल्या होत्या. त्यातले काही जण दहा-पंधरा वर्षांनी वारले, मेंदू तपासला तर त्या नव्या तरुण पेशींतसुद्धा लेवीचे गोळे! दुसऱ्याच्या पेशी, वय पंधराच्या आसपास, त्यांना हा आजार कुठून आला? तेव्हापासून असं मानतात की वाकडं झालेलं प्रोटीन शेजारच्या पेशीत जातं आणि तिथल्या चांगल्या प्रोटीनला वाकडं करतं, दुधात विरजण पडल्यासारखं. (आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या फॉरवर्ड येईल.)

इथपर्यंत सगळं छान जुळतं आणि इथेच गोची आहे. २००४ मध्ये दुसरा एक जीन सापडला, एलआरआरके२, त्याच्या प्रोटीनला एका टीमने दार्दारिन नाव दिलं, बास्क भाषेत दार्दारा म्हणजे थरथर, किती आपल्यासारखा शब्द आहे ना. तर या जीनमुळे ज्यांना पार्किन्सन झाला त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर बघितलं तर गोळे नाहीतच. पेशी मेल्यात, काळा पट्टा फिका, हात हलत होता, गोळीही लागू पडत होती, पण गोळे नाहीत. पार्किन नावाच्या जीनचं पण बरचसं असंच (जपानमध्ये १९९८ ला सापडला, तरुण रुग्णांत). मग गोळे हे कारण की परिणाम? की पेशीने घाण एका कोपऱ्यात गोळा करून स्वतःला वाचवायचा केलेला प्रयत्न?

बाबा मेकॅनिक आहेत म्हणून सांगते, सायलेन्सरमध्ये काजळी सापडली. काजळीमुळे इंजिन बसलं की इंजिन बिघडलं म्हणून काजळी धरली? आम्ही पंचवीस वर्षं यावर भांडतोय.

जुना_रसायनवाला

कोल्हापूरला तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे खाजकुयलीवर मला बोलू द्या.

खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, हे थोतांड नाही. मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते बियांतून वेगळं काढलं होतं, म्हणजे पार्किन्सनवर त्याचा उपयोग कळण्याच्या कितीतरी आधी. लंडनला आठ रुग्णांवर एक छोटी चाचणी पण झाली, २००४ ला छापली, पावडरचा परिणाम गोळीसारखाच आणि जरा लवकर दिसला. पण म्हणूनच तर काळजी घ्यायची! काकांची पावडर म्हणजे तेच औषध, फक्त किती आहे ते माहीत नसलेलं. एका झाडाच्या बीत जास्त, दुसऱ्याच्यात कमी. शिवाय गोळीत कार्बिडोपा घातलेलं असतं जे लेव्होडोपाला मेंदूच्या बाहेरच खर्च होऊ देत नाही, ते पावडरीत नाही. सिंडोपा सोडून ती घेतली तर हिशोब कोलमडेल, आणि सिंडोपावर ती घेतली तर डोस दुप्पट होऊन अंग वेडंवाकडं हलायला लागेल. अचानक सोडणं तर फारच धोक्याचं. आणि हो, ती मूळ कारणावर काम करते हा दावा मात्र साफ खोटा, ती पण डिझेलच ओतते.

आता जरा विषयांतर, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर पेशीनपेशी यांनी कार्लसनचं नाव घेतलं. त्याने ससे वापरले होते, १९५७ साली, आणि सशांना दिलेलं औषध होतं रेसरपिन. रेसरपिन कशातलं? आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं! मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर देऊन १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर छापला, त्यानंतर पाश्चात्य कंपन्यांचे डोळे उघडले, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेसरपिन वेगळं केलं, जगभर वाटलं गेलं, आणि मग लक्षात आलं की काही रुग्ण यावर कडक, संथ होतात, पार्किन्सन झाल्यासारखे. कार्लसनने ते सशांना दिलं, ससे कान पाडून निपचित. मग त्यांना डोपा टोचलं आणि ससे उठून बसले. डोपामिन संपलं की हालचाल थांबते हे जगाला पहिल्यांदा तिथे दिसलं. सर्पगंधेने आजाराची नक्कल करून दाखवली आणि खाजकुयलीत त्याचा उतारा होता, दोन्ही आपल्याच रानात. आम्ही रानात फिरायला गेलो की फक्त खाज सुटू नये म्हणून बघायचो.

वऱ्हाडी_ठेचा

रसायनवाले सर, मस्त लिहिलं.

माहा एक प्रश्न हाय. आमचे काका यवतमाळकडे तीस वर्षं पऱ्हाटीवर स्वतः पंप पाठीवर घेऊन फवारे, ना मास्क ना हातमोजे, अन् साठीत त्यायले हाच आजार. घरचे म्हंतात नशीब. फवारणीचा अन् याचा काही संबंध आहे का? अन् दुसरं, गावातले एक जण म्हंतात भारतात हा आजार कमी कारण आपण हळद खातो, हे खरं का?

पेशीनपेशी

वऱ्हाडी_ठेचा, फवारणीचा प्रश्न एकदम मुळातला आहे आणि त्याची गोष्ट विचित्र ठिकाणी सुरू होते. १९८२, कॅलिफोर्निया. काही तरुण नशेबाज दवाखान्यात आले, चाळिशीच्या आसपासचे आणि त्याहून लहान, एकदम दगडासारखे गोठलेले, डोळे फक्त हलतायत. लँगस्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टला दिसलं की हा तर पार्किन्सन, पण एका रात्रीत कसा? शोध लागला की सगळ्यांनी एकाच जागी बनवलेलं नकली हेरॉईन टोचलं होतं, आणि ते बनवताना घाई झाल्यामुळे त्यात एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन तयार झालं होतं. ते मेंदूत गेलं की त्याचं रूप बदलतं, डोपामिनच्या पेशी त्याला डोपामिन समजून आत घेतात आणि आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियाचा पहिलाच टप्पा बंद पाडतं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं वीजघर. वीज गेली, पेशी मेली. लेव्होडोपा दिल्यावर ते रुग्ण हलले.

त्या रूप बदललेल्या रसायनाची आकृती कागदावर काढली आणि शेजारी पॅराक्वाट या तणनाशकाची काढली, तर दोन्ही सख्खी भावंडं दिसतात. मग कीटकनाशकांकडे नजर गेली. रोटेनॉन उंदरांना दिलं तर २००० साली दाखवलं गेलं की त्यांच्यातही पेशी मरतात आणि गोळे धरतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास छापून आला, ज्यांनी पॅराक्वाट किंवा रोटेनॉन हाताळलं त्यांच्यात पार्किन्सन साधारण अडीच पट. युरोपात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे मिळतं. तुमच्या काकांना त्यामुळेच झालं असं एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येणार नाही, लाखो लोक फवारतात आणि बहुतेकांना होत नाही. पण नशीब म्हणून सोडून द्यायची गोष्ट ही नाही. पुढच्या पिढीला मास्क-हातमोजे घालायला लावा, त्यासाठी पुरावा पुरेसा आहे.

आणि गंमत म्हणजे आधी लिहिलेला पार्किन जीन आठवतोय ना? तो आणि पिंक१ नावाचा त्याचा जोडीदार, दोघांचं काम काय तर खराब झालेल्या मायटोकॉन्ड्रियावर खूण करायची की हा भंगारात टाका. पिंक१ खूण करतो, पार्किन ती खूण पक्की करतो आणि सफाईवाले येतात. ही जोडी फळमाशीत २००६ ला लक्षात आली, पिंक१ बिघडलेल्या माशांना जास्तीचा पार्किन दिला की त्या सुधारतात, उलट केलं तर नाही, म्हणजे कोण पुढे कोण मागे तेही कळलं. नशेच्या इंजेक्शनने आणि जपानच्या जीनने वेगवेगळ्या रस्त्याने येऊन एकाच वीजघराकडे बोट दाखवलं.

हळद: नाही हो. एक तर हळदीतलं ते कर्क्युमिन पोटातून रक्तातच नीट जात नाही. दुसरं, कमी आहे म्हणजे कुठे कमी? मुंबईच्या पारशी समाजात घरोघरी जाऊन डॉक्टरांनी मोजलं होतं, १९८८ ला छापलं, लाखात ३२८, हे प्रमाण पाश्चात्य देशांच्या जवळ जातं, आणि पारशी धानसाकात हळद घालतातच की. वयस्कर लोक जास्त, मोजणारे नीट, की आजार जास्त दिसतो. बाकी एक गोष्ट मात्र खरंच कोड्यात टाकणारी आहे, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांची सरकारी संस्था) भारतीयांचे निरोगी मेंदू घेऊन काळ्या पट्ट्यातल्या पेशी मोजल्या, १९९८ ला छापलं, तर त्या ब्रिटनमधल्या मेंदूंपेक्षा बऱ्याच कमी निघाल्या, पण वयाबरोबर घटत नव्हत्या. कमी भांडवल पण गळती नाही. माझ्या गाईडला मी हे दाखवलं तर तो अर्धा तास गप्प बसला होता.

माणगंगा

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी बाबांना वाचून दाखवतेय रोज रात्री. बद्धकोष्ठाचं विचारलं, आई म्हणाली लग्नापासून, हाहा. पावडर परत दिली, काका रुसलेत.

पण माझा मूळ प्रश्न अजून आहेच. विरजणासारखं पसरतं हे कळलं, तर मग ते विरजण पकडून बाहेर काढणारं औषध का नाही केलं? आणि मुलींच्या टेस्टचं?

पेशीनपेशी

केलं ना, हेच तर दुखणं आहे. वाकड्या प्रोटीनला पकडणाऱ्या दोन अँटिबॉडी बनवल्या, प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब, शेकडो रुग्णांना वर्षभर सलाईनमधून दिल्या, दोन्हींचे निकाल २०२२ मध्ये आले. सिनपानेमॅब सपशेल फेल. प्रासिनेझुमॅब पण ठरवलेल्या मापात नापास, काही बाजूच्या मोजमापांत थोडी आशा दिसली म्हणून पुढे चालू ठेवलं. का नापास? कुणी म्हणतं अँटिबॉडी मेंदूत पोचतेच कमी. कुणी म्हणतं विरजण पेशींच्या आत आणि अँटिबॉडी बाहेर फिरतेय. मला वाटतं उशीर. हात हलल्यावर औषध देतोय, तोवर निम्मं दही लागलेलं असतं.

अजून एक छान कल्पना अशीच बुडाली. काळ्या पट्ट्यातल्याच पेशी का मरतात, शेजारच्या का नाही? कारण त्या अवाढव्य असतात, एकेका पेशीच्या फांद्यांची लांबी जोडली तर मीटरमध्ये भरते आणि जोडण्या दहा लाखांच्या घरात, असा अंदाज आहे. वर त्या घड्याळासारख्या दिवसरात्र स्वतःहून टिकटिक करतात आणि प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत येतं, ते उपसून बाहेर काढायला वीज लागते. बाबांना सांगा, लोडेड गाडी कायम घाट चढतेय, एसी पण चालू. मग म्हटलं कॅल्शियमचा दरवाजा अर्धा बंद करू, बीपीची गोळी आहे इसराडिपिन, ती उंदरांत भारी चालली. माणसांत ३३६ जणांवर तीन वर्षं करून बघितली, २०२० मध्ये निकाल, काहीही फरक नाही. उंदीर फसवतात. एमपीटीपीच्या वेळीही मोठ्या जातीच्या उंदरांना ते रसायन बाधतच नव्हतं आणि लोक डोकं खाजवत बसले होते.

म्हणून आता दोन दिशांनी काम जोरात आहे. एक, लवकर पकडणं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात वाकड्या प्रोटीनचा कण असेल तर परीक्षानळीत त्याचं विरजण वाढवून दाखवणारी टेस्ट आहे, २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासात पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह आली. ज्यांचा वास गेलाय पण हात हलत नाही अशा काही लोकांतही येते. आणि परत तेच, एलआरआरके२ वाल्यांत कमी येते. म्हणजे पार्किन्सन हा एक आजार आहे की चार-पाच आजारांचं एकच नाव, ही शंका आता उघडपणे बोलली जाते. मी दुसऱ्या पार्टीत आहे.

दुसरी दिशा म्हणजे ज्याच्यात जे बिघडलंय त्याला तेच. गौशे नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, पेशीतला कचरा कुजवणारं एक एन्झाइम नसतं. त्याच्या क्लिनिकमध्ये लक्षात आलं की या रुग्णांच्या नात्यात पार्किन्सन फार दिसतोय, आणि २००९ मध्ये १६ केंद्रांनी मिळून दाखवलं की त्या एन्झाइमचा जीबीए हा जीन पार्किन्सनवाल्यांत पाच पटीहून जास्त वेळा बिघडलेला सापडतो. त्या एन्झाइमला आधार देणारं औषध कुठलं निघालं माहितीये? अँब्रॉक्सॉल, आपल्या खोकल्याच्या सिरपमधलं! ब्रिटनमध्ये त्याची मोठी चाचणी चालू आहे. सिरप पाजू नका, चाचणीतला डोस खोकल्याच्या डोसच्या कैक पट आहे आणि उपयोग होतो की नाही हेच तर बघतायत.

मुलींचं: बाबांना साठीनंतर झाला, घराण्यात अजून कुणाला नसेल तर बहुधा एका जीनचा प्रकार नाहीच, तसे रुग्ण दहात एखादा. आणि समजा टेस्टमध्ये काही निघालं तरी आज त्यावर देण्यासारखं काही नाही, नुसती झोप उडेल. तरी करायचीच असेल तर आधी बाबांची, आणि जेनेटिक काउन्सेलरशी बोलून. ऑनलाइन थुंकी पाठवून नको.

सुमनताई_डोंबिवली

आमच्या मिस्टरांना मी हे सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले उंदीर बरे झाले हे ऐकून मला कंटाळा आलाय, माणसांचं सांगा. 😀 पुण्यात मित्रमंडळ आहे पार्किन्सनवाल्यांचं, बाबांना घेऊन जा एकदा, गोळीपेक्षा गप्पांनी माणूस हलतो असं माझं मत.

पेशीनपेशी

सुमनताई, काकांना सांगा की माणसांचं आहे. स्टेम सेलपासून बनवलेल्या डोपामिनच्या पेशी रुग्णांच्या मेंदूत घातल्या, अमेरिका-कॅनडात १२ जण आणि क्योटोला सात, दोन्हीचे पेपर एप्रिल २०२५ मध्ये आले. पेशी जगल्या, डोपामिन करतायत, गाठी झाल्या नाहीत. पण हे पण टाकी भरणंच आहे, भोक तसंच. आणि २००८ चं लक्षात ठेवून मी टाळ्या हळू वाजवतेय.

जाता जाता एक. ब्राकचा क्रम, १९६० चं डोपामिन, २००८ चे गोळे, निम्हान्सची मोजणी, यातलं काहीही उंदरातून आलेलं नाही, माणसांनी मेल्यावर दिलेल्या मेंदूंतून आलंय. निम्हान्समध्ये मेंदूंची बँक आहे, नव्वदच्या दशकापासून. आपल्याकडे डोळे देतात, देह देतात, मेंदूचं कुणी नावच काढत नाही.

माणगंगा

काल रात्री हे शेवटचं वाचायचं की नाही असा विचार करत होते, मग वाचलं. बाबा आधी काजळीवरच अडकले. म्हणाले, तुझ्या त्या मॅडमना सांग, काजळी बघून कुणी इंजिन पास-नापास करत नाही, आधी नोझल काढून बघायचा, मग पंप, मग एअर फिल्टर, दहा गाड्यांना काळा धूर असतो आणि दहाही गाड्यांचं दुखणं वेगळं असतं. मी म्हटलं त्या पण तेच म्हणतायत, तर म्हणाले मग बरोबर रस्त्याला आहेत.

आणि मेंदूचं म्हणाले, खोला की, पण गाडी स्क्रॅपला गेल्यावर. आई उठून आत गेली, आज सकाळपासून दोघांचं बोलणं बंद आहे.

तर साताऱ्याहून बेंगळुरूपर्यंत हे कसं करतात, किती तासांत न्यावं लागतं, आधी फॉर्म भरायचा का, कुणी चौकशी केली असेल तर सांगा. आत्ता घाई नाहीये, बाबा बाहेर शेजारच्यांची स्कूटर खोलून बसलेत, अकराची गोळी द्यायचीय.